संन्यासी, वकील आणि सोळावा अध्याय



आज आपल्या वाचनात गीतेचा सोळावा अध्याय सुरू होतोय. दैवी आणि आसुरी संपत्तीचा. अध्याय छोटा, फक्त २४ श्लोकांचा, पण मला तो दरवेळी अडवतो. पहिल्या तीन श्लोकांत भगवंत चांगल्या माणसाच्या गुणांची यादी देतात. साधारण २६ गुण मोजले जातात, आणि सगळ्यांत पहिला आहे अभय. त्याच श्लोकात दान आहे, यज्ञ आहे, स्वाध्याय आहे, तप आहे. म्हणजे आपण ज्याला देवधर्म म्हणतो ते सगळं.

आता जरा पुढे जा. पंधराव्या श्लोकात आसुरी माणूस काय म्हणतो ते बघा. तोही यज्ञ करायच्या, दान द्यायच्या गोष्टी करतो! सतराव्यात तर भगवंत स्पष्टच सांगतात की ही माणसंसुद्धा यज्ञ करतात, पण नावापुरते आणि दंभाने. म्हणजे यज्ञ आणि दान दोन्ही याद्यांमध्ये आहेत. बाहेरून बघणाऱ्याला फरक कळायचा कसा?

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. एकच इनपुट देऊन दोन वेगळे आउटपुट आले की आम्ही म्हणतो, मध्ये काहीतरी आहे जे आपल्याला दिसत नाहीये. धर्माने माणूस चांगला होतो का, या प्रश्नाचंही तसंच आहे. नुसतं हो किंवा नाही म्हणून भागत नाही. म्हणून आज श्लोकाचा अर्थ लावत बसण्याऐवजी आपल्या मातीतल्या एका माणसाचं आयुष्य सांगतो. नाव आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या तर पदवीवरच छापलेलं आहे. नांदेडच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते स्वामी रामानंद तीर्थ. चार वर्षं इंजिनीअरिंग करताना आम्ही त्या नावाची इंग्रजी आद्याक्षरंच तेवढी म्हणायचो. त्या नावामागे एक भगवी वस्त्रं घातलेला माणूस उभा आहे, हे कितीजणांच्या डोक्यात असेल कोण जाणे.

त्यांचं मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, आजच्या कर्नाटकातल्या सिंदगीचा. शिक्षण सोलापूरकडे. १९२० च्या ऑगस्टमध्ये लोकमान्य टिळक गेले तेव्हा हा मुलगा सोळा-सतरा वर्षांचा होता. त्या दुःखात त्याने लग्न न करता देशाचं काम करण्याचं व्रत घेतलं. त्या वयातली व्रतं किती टिकतात ते आपण जाणतो, पण हे शेवटपर्यंत टिकलं. असहकाराच्या लाटेत त्याने सरकारी शाळा सोडली, पुढे पुण्याच्या टिळक विद्यापीठातून राष्ट्रीय शिक्षण पुरं केलं आणि मग कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली कामगार संघटनेचं काम केलं. म्हणजे संन्यासाकडे जायच्या आधी हा माणूस कामगारांच्या पगाराच्या नि तासांच्या हिशोबात बुडालेला होता. हे मला महत्त्वाचं वाटतं. देव शोधायला निघण्याआधी त्याने माणसं जवळून पाहिली होती.

१९२९ च्या सुमारास तो हिप्परग्याला आला. तुळजापूर-उमरगा भागातलं हे छोटं गाव. तिथे १९२१ पासून एक राष्ट्रीय शाळा चालू होती. निजामाच्या राज्यात सरकारी शिक्षणाचं माध्यम उर्दू, आणि इथे मराठी पोरांना मराठीतून, देशाचा विचार करायला शिकवणारी शाळा! पगार जेमतेम, शिक्षक नि विद्यार्थी एकत्र राहायचे. व्यंकटेशराव तिथे मुख्याध्यापक झाले. आणि त्याच काळात, तिशी गाठायच्या आत, त्यांनी संन्यास घेतला. स्वामी रामतीर्थांच्या विचारपरंपरेतला हा संन्यास. नाव पडलं रामानंद तीर्थ.

आता बघा, आपल्याकडे संन्यास घेतला की पुढचा रस्ता ठरलेला असतो. हिमालय, नाहीतर मठ. स्वामीजी वर्गावर गेले. संन्यासानंतरही शाळा सुटली नाही. पुढे सहकाऱ्यांबरोबर ते अंबाजोगाईला आले आणि योगेश्वरीच्या शाळेचे मुख्याध्यापक झाले. त्या शाळेतून पुढे मुक्तिसंग्रामाचे कितीतरी कार्यकर्ते निघाले.

१९३८ मध्ये त्यांनी शाळा सोडली आणि पूर्ण वेळ चळवळीत उतरले. तेव्हाची परिस्थिती थोडी सांगायला हवी. हैदराबाद संस्थानात १६ जिल्हे होते. त्यांतले औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी. आजचा लातूर जिल्हा तेव्हा नव्हता, तो १९८२ चा. त्या वेळी लातूर म्हणजे उस्मानाबाद जिल्ह्यातली मोठी बाजारपेठ. सभा घ्यायची तर सरकारची परवानगी लागायची, त्यासाठी गश्ती निशान ५३ नावाचा हुकूम होता. अशा राज्यात हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होणार होती. ती व्हायच्या आधीच सरकारने बंदी घातली. कारण काय दिलं? की ही संघटना जातीय आहे, एका धर्माची आहे.

त्याच वेळी संस्थानात आर्य समाजाचा आणि हिंदू महासभेचाही सत्याग्रह चालू होता. तो उघडपणे हिंदूंच्या धार्मिक हक्कांसाठी होता. स्टेट काँग्रेसने ऑक्टोबर १९३८ मध्ये सत्याग्रह सुरू केला, स्वामीजी तुरुंगात गेले. पण दोन महिन्यांतच, गांधीजींच्या सल्ल्याने, स्टेट काँग्रेसने आपला सत्याग्रह थांबवला. दोन चळवळी एकमेकींत मिसळल्या तर जबाबदार राज्यपद्धतीची मागणी ही एका धर्माची मागणी ठरेल, ही भीती होती. अनेक कार्यकर्त्यांना हे रुचलं नव्हतं.

मला इथे थांबून विचार करावासा वाटतो. भगवी वस्त्रं घालणारा माणूस. बहुसंख्य प्रजा हिंदू, राजा मुसलमान. धर्माच्या नावाने हाक दिली असती तर गर्दी जमवणं किती सोपं होतं! अंगावरच्या वस्त्रानेच अर्धं काम झालं असतं. स्वामीजींनी आयुष्यभर ते वस्त्र त्या कामासाठी वापरलं नाही. त्यांची मागणी प्रजेच्या राज्याची होती, आणि प्रजेत मुसलमान आलेच. धर्म त्यांच्या अंगावर होता, पण तो त्यांनी कुणाच्या अंगावर घातला नाही.

त्यानंतर तुरुंगाच्या फेऱ्या. १९४० ला वैयक्तिक सत्याग्रह, १९४२ ला पुन्हा अटक. बंदी उठली ती १९४६ मध्ये आणि स्वामीजी अध्यक्ष झाले. देश स्वतंत्र झाला त्या दिवशी, १५ ऑगस्ट १९४७ ला, हैदराबाद शहरात तिरंगा फडकवल्याबद्दल त्यांना पकडलं. मध्ये थोडे दिवस सुटका झाली, १९४८ च्या जानेवारीत पुन्हा अटक, ते थेट सप्टेंबरमध्ये भारतीय फौजा आल्यानंतरच बाहेर आले.

आता दुसरा माणूस. कासीम रझवी. मंडळी, हा लातूरचा वकील होता! अलीगढला शिकलेला, लातूरच्या कोर्टात वकिली करणारा. १९४६ च्या सुमारास तो इत्तेहादुल मुसलमीनचा प्रमुख झाला आणि रझाकार ही त्याची फौज झाली. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी रझाकारी हा शब्द काळ मोजायला येतो. अमक्याचा जन्म रझाकारीच्या आधीचा, तमकी विहीर रझाकारीनंतरची. माझी आजी असंच सांगायची. गावं जळाली, माणसं मारली गेली, बायकांवर अत्याचार झाले. लातूरकडची माणसं बार्शीला, नांदेडकडची उमरखेडला, सरहद्द ओलांडून पळाली. नांदेड जिल्ह्यातल्या अर्जापूरला गोविंदराव पानसरे यांना तर १९४६ मध्येच मारलं होतं.

रझवीही धर्माच्या नावानेच बोलत होता. आपण आपल्या धर्माचं राज्य राखतोय अशी त्याची भाषा होती. आणि त्याच धर्माचा शोएबुल्ला खान नावाचा तरुण संपादक इमरोज नावाच्या उर्दू दैनिकात रझाकारांविरुद्ध लिहीत होता, संस्थानाने भारतात सामील व्हावं म्हणत होता. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्याला रात्री रस्त्यात गाठून मारलं. ज्या हाताने तो लिहायचा तो हातही तोडला. एकच धर्म, एकच शहर. एकजण त्यातून सत्ता घेतो, दुसरा अभय घेतो. सोळाव्या अध्यायाचा पहिला गुण शोएबुल्लांमध्ये होता की नाही, तुम्हीच सांगा.

इथपर्यंतची गोष्ट आपल्याला सांगायला आवडते. १७ सप्टेंबरला शाळेत भाषणं होतात ती इथपर्यंतच. पण मी चिंतन लिहायला बसलोय, भाषण करायला नाही. म्हणून पुढचंही लिहितो.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य संस्थानात शिरलं, १७ ला निजामाने शरणागती पत्करली. रझवीला अटक झाली. आणि त्यानंतरच्या दिवसांत आपल्याच भागात मुसलमानांच्या कत्तली झाल्या. केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली, सोबत काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री होते. नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर १९४८ या काळात ते संस्थानात फिरले, गावोगावच्या लोकांशी बोलले. त्यांचा अंदाज असा की संस्थानभर पोलीस कारवाईच्या काळात आणि नंतर २७ ते ४० हजार माणसं मेली. सगळ्यांत जास्त झळ बसलेले चार जिल्हे म्हणजे उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. लातूरबद्दल त्या अहवालात आहे की तिथे वीस दिवसांहून जास्त हे चालू होतं. दहा हजारांच्या आसपास मुसलमान वस्तीतले जेमतेम तीन हजार गावात उरले होते. हजाराहून अधिक मारले गेले, बाकीचे जीव घेऊन पळाले. हा अहवाल कित्येक दशकं प्रसिद्धच झाला नाही. २०१३ च्या सुमारास लोकांना तो वाचायला मिळाला.

ज्यांनी हे केलं त्यांच्यात कपाळाला गंध लावणारे नसतील का? एकादशी करणारे नसतील? रझाकारांनी आधी केलं म्हणून हे झालं, असं म्हणतात. पण लातूरच्या बाजारात दुकान चालवणाऱ्या कच्छी व्यापाऱ्याने कुणाचं गाव जाळलं होतं? सूड घेताना माणूस नेमका तो गुन्हेगार शोधत नाही, त्याच्या नावाचा, त्याच्या धर्माचा जवळ सापडेल तो माणूस शोधतो. रझवी स्वतः तर जिवंतच राहिला. खटला चालला, शिक्षा झाली, १९५७ मध्ये सुटून तो पाकिस्तानात गेला आणि १९७० मध्ये कराचीत मेला. किंमत दिली ती त्याच्या शेजाऱ्यांनी.

पण त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे, जी मला फार मोठी वाटते. कित्येक ठिकाणी हिंदूंनी जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवलं, हे समितीने नोंदवून ठेवलंय. आणि विशेष करून एकाच धंद्यातल्या लोकांमध्ये हे दिसलं. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवलं. मागावर शेजारी बसणारी माणसं. एकच सूत, एकच मंदी, एकच सावकार. त्यांनी दारावरच्या जमावाला तोंड दिलं. अभय, अहिंसा, भूतदया, आजच्या श्लोकांतले हे तिन्ही गुण त्या विणकरांच्या घरात होते. त्यांनी गीता वाचली होती की नव्हती, काय माहीत.

मग स्वामीजींचं काय? त्यांच्याही बाबतीत अवघड प्रश्न टाळू नये. स्टेट काँग्रेसच्या कृती समितीने सरहद्दीवर कॅम्प उभारले होते आणि तिथे हत्यारं होती. गांधीजींच्या वाटेने निघालेल्या संन्याशाची संघटना बंदुकीपर्यंत आली होती. स्वामीजी त्या काळात बहुतेक तुरुंगातच होते हे खरं, पण अध्यक्ष तेच होते. जळणाऱ्या गावांतल्या लोकांना नुसती अहिंसा सांगणंही सोपं नव्हतं, हेही खरं. संन्यास घेतला म्हणून माणसाला निष्कलंक पर्याय मिळत नाहीत. सगळ्यांसमोर असतात तेच पर्याय त्याच्यापुढे असतात.

मला त्यांची खरी परीक्षा त्यानंतरची वाटते. लढाई जिंकली. सत्ता समोर होती. मुक्तिसंग्रामाचा सर्वांत मोठा नेता म्हणून त्यांना काय मिळू शकलं असतं ते तुम्हीच विचार करा. ते ना मुख्यमंत्री झाले ना मंत्री. लोकसभेत दोनदा निवडून गेले, १९५२ ला गुलबर्ग्याहून आणि १९५७ ला औरंगाबादहून, आणि पुढे निवडणुकीच्या राजकारणातून बाजूला झाले. पक्षात गटबाजी झाली, त्यातही ते होते. साधू आहेत म्हणून वाद टाळले असं नाही. त्यांचा आग्रह होता कसणाऱ्याला जमीन मिळावी, आणि हैदराबाद संस्थानाचे भाषेप्रमाणे तीन तुकडे होऊन ते संपावं. ज्या राज्याच्या राजकारणात ते सर्वांत वजनदार होते तेच राज्य मोडा म्हणत होते! १९५६ मध्ये ते मोडलं, मराठवाडा महाराष्ट्राच्या वाटेला लागला. राज्याबरोबर स्वामीजींचं राजकीय वजनही वाटलं गेलं. आपलं वजन ज्या फांदीवर, तीच कापायला सांगणारा नेता मी तरी दुसरा ऐकला नाही.

आणि शाळा? ती त्यांनी कधी सोडलीच नाही म्हणा ना. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं, ज्या संस्थेने काढलं तिच्या मुळाशी स्वामीजी होते. नांदेडच्या पोराला पदवीसाठी हैदराबाद गाठावं लागू नये म्हणून. पुढे याच कॉलेजचे प्राचार्य झाले नरहर कुरुंदकर. कुरुंदकर उघड नास्तिक. देव नाही असं चारचौघांत सांगणारे. संन्याशाने उभ्या केलेल्या कॉलेजात नास्तिक प्राचार्य! कुरुंदकरांना स्वामीजींबद्दल अपार आदर होता, आणि कुरुंदकरांच्या प्रामाणिकपणाबद्दल नांदेडात आजही आदराने बोलतात. देव मानणारा आणि न मानणारा एकाच छपराखाली, एकाच कामाला लागलेले.

२२ जानेवारी १९७२ ला हैदराबादेत स्वामीजी गेले. त्यांची समाधी तिथेच, बेगमपेठेत आहे. १९९४ मध्ये नांदेडचं विद्यापीठ झालं तेव्हा त्याला त्यांचं नाव दिलं.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. धर्माने माणूस चांगला होतो का? हे आयुष्य नि तो काळ समोर ठेवून मला तरी असं म्हणता येत नाही की आपोआप होतो. तसं असतं तर रझवी झाला असता, लातूरच्या त्या वीस दिवसांतले लोक झाले असते. आणि धर्माशिवाय होतच नाही असंही नाही, कुरुंदकर समोर आहेत. पण धर्माचा उपयोगच नाही, हेही मला पटत नाही. सोळाव्या वर्षी घेतलेलं व्रत पन्नासहून जास्त वर्षं टिकवायला काहीतरी लागतं. तुरुंगात पुनःपुन्हा जायला, आणि सत्ता समोर आली असताना हात मागे घ्यायला काहीतरी लागतं. स्वामीजींना ते संन्यासातून मिळालं.

फरक कुठे आहे ते भगवंतांनी याच अध्यायात सांगितलंय असं मला वाटतं. आसुरी माणसाच्या यज्ञात सगळं असतं, फक्त त्याचा रोख स्वतःकडे असतो. मी मोठा, माझे लोक मोठे, माझा शत्रू मी मारला, उरलेलेही मारीन. धर्म तिथे अंगात बळ आणतो, आणि त्या बळाचं पुढे काय होतं ते लातूरने दोन्ही बाजूंनी पाहिलं. स्वामीजींच्या व्रतात बळ होतंच, पण त्याची धार पहिल्यांदा स्वतःवर चालली. आधी स्वतःचं घर गेलं, मग पगार, मग मोकळेपणा, मग पद. धर्म ज्याच्याकडून काही मागतो तो माणूस सुधारण्याची शक्यता असते. ज्याला धर्म फक्त देतो, मोठेपणा देतो, शत्रू देतो, त्याने सावध राहावं.

एक छोटी गोष्ट सांगून थांबतो. गुणांची ही यादी संपल्यावर पाचव्या श्लोकात भगवंत अर्जुनाला म्हणतात की तू काळजी करू नकोस, तू दैवी बाजूचा आहेस. म्हणजे अर्जुनाच्या मनात शंका आली असणार की मी नक्की कोणत्या यादीतला? साक्षात कृष्ण सारथी असताना त्याला शंका आली. कासीम रझवीला ती आली असेल का? कत्तलीला निघालेल्या जमावाला? ही शंका जागी असणं हीच मला दैवी संपत्तीची खूण वाटते.

आज नित्यपाठ झाल्यावर तुम्हीही एक प्रश्न स्वतःला विचारून बघा. गेल्या वर्षभरात माझ्या भक्तीने माझ्याकडून काय मागून घेतलं? आणि त्याचा फायदा माझ्या घराबाहेरच्या, माझ्या जातीधर्माबाहेरच्या एका तरी माणसाला झाला का? उत्तर कुणाला सांगायची गरज नाही.

उद्या सहावा श्लोक घेऊ.

राम कृष्ण हरी.